उंच गाडी, ठेंगणी गाडी

काकू : इतका वेळ डिकीत डोकं घालून काय शोधताय? हरवलंय का काही?

काका : माप घेतोय. मधे बोलू नकोस, आकडा चुकतो.

काकू : आकडा टेपवर असतो, अहो. तुम्ही गाडीच्या छताकडे बघताय.

काका : चाळीस वर्षं पडदे शिवतोय मी. माप हाताला कळतं.

शोरूमवाली : काका, डिकीचं माप पत्रकात छापलेलं आहे. लिटरमध्ये.

काका : लिटरमध्ये? मला दूध भरायचं नाही, पोरी. पडद्याच्या दांड्या न्यायच्यात. सात फुटी. शिवाय कापडाचे तागे, शिडी आणि ही.

काकू : शिडीच्या नंतर माझा नंबर. ऐकलंस ना?

शोरूमवाली : मग काकांना हीच क्रॉसओव्हर बरी. सीट उंच, चाकं मोठी, खड्ड्यांत त्रास नाही. ती शेजारची हॅचबॅकही छान आहे, पण ती छोट्या कुटुंबासाठी.

काकू : आम्ही काय मोठं कुटुंब दिसतो? दोघंच तर आहोत. लेक आहे, ती वर्षातून एकदा येते आणि जाताना आम्हालाच बॅगा उचलायला लावते.

काका : तिनेच सांगितलंय, बाबा, उंच गाडी घ्या.

काकू : तिने सांगितलं, बाबा, जरा जपून. उंच तुम्ही त्यात शिवलंत.

शोरूमवाली : याआधी कोणती गाडी होती आपल्याकडे?

काका : व्हॅन. गेल्या आठवड्यात विकून टाकली. एकोणीस वर्षांची, पण इंजिन कसं, नव्या मशीनसारखं चालायचं.

काकू : डावी बाजू सोडली तर सगळंच नव्यासारखं.

शोरूमवाली : डावी बाजू?

काकू : आमच्या फाटकाचा खांब आहे ना, तो.

काका : तो खांब चुकीच्या जागी आहे.

काकू : अठरा वर्षं बरोबर जागी होता. यंदाच सरकला. तीन वेळा.

शोरूमवाली : उंच गाडीतून खांब वगैरे चांगले दिसतात, काकू.

काका : हेच! हेच मी आठवडाभर हिला सांगतोय. उंचावर बसलं की दिसतं. त्या बुटकीत बसलं की पुढच्या गाडीचा पार्श्वभागच बघत बसायचा. ये, इथे वर ये. बस शेजारी. बघ कसं मोकळं वाटतं.

काकू : वाटतंय खरं. फळीवर ठेवलेल्या बरणीसारखं वाटतंय.

काका : आणि समोर बघ. रस्ता कसा लांबपर्यंत दिसतो.

काकू : समोर शोरूमची भिंत आहे.

काका : भिंतीवरच्या फोटोतला म्हणतोय मी. चेष्टा कळत नाही तुला.

शोरूमवाली : काका, तो फोटो समुद्राचा आहे.

काकू : पोरी, जरा पाणी मिळेल का गं? यांचा घसा कोरडा पडतो माप घेऊन घेऊन.

शोरूमवाली : हो, आणते ना. काकांना डोळ्यांचा काही... म्हणजे माझ्या आजोबांनाही असंच...

काकू : थंड नको. साधं आण.

काका : चुणचुणीत आहे मुलगी.

काकू : आहे. जरा जास्तच. उतरा आता, मला तुमच्या जागी बसून बघू दे.

काका : तुला कशाला?

काकू : पैसे दोघांच्या घामाचे, मग सीट दोघांनी बघायला नको? सरका. अगं बाई! माझे पाय कुठे आहेत? पोचतच नाहीत खाली.

काका : मग? तुला कशाला पोचायला हवेत?

काकू : नाही, म्हणजे, सहज म्हटलं.

काका : सहज काय. लायसन्स काढलंस, दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याच्या हातगाडीला जाऊन भेटलीस, आणि तिथेच तुझं ड्रायव्हिंग संपलं. दोन दिवस आपल्या घरात टोमॅटोचा वास होता.

काकू : दबलेले सगळे मी विकत घेतले होते. त्याने नंतर तीन वर्षं मला मावशी म्हणून हाक मारली. तुमच्या खांबाने मारलीय का कधी हाक?

शोरूमवाली : पाणी घ्या, काका. मग करू या का टेस्ट ड्राइव्ह? क्रॉसओव्हर बाहेर तयार उभी आहे. दोन किलोमीटरची फेरी. चावी तुमच्याकडेच देते.

काका : नको. मला नुसतं बसून कळतं.

शोरूमवाली : चालवल्याशिवाय कशी घ्याल, काका? लोक तर तीन-तीन वेळा चालवून बघतात.

काका : आज गुडघा धरलाय.

काकू : सकाळी शिडीवर चढून माळ्यावरचा तागा काढलात. दोनदा.

काका : म्हणून तर धरला.

काकू : बरं, मग त्या ठेंगणीची डिकी बघू. टेप द्या इकडे.

काका : मी घेतो ना माप.

काकू : द्या हो. गुडघा धरलाय तुमचा, वाकू नका. हं... हे काय? टेपला गाठी कसल्या?

काका : खुणा आहेत. धंद्यातल्या.

काकू : चाळीस वर्षं नव्हत्या धंद्यात.

काका : चाळीस वर्षं एवढी अक्कल नव्हती. दर दहा इंचाला दोऱ्याची गाठ. बोट फिरवलं की माप कळतं. सारखं चष्मा लाव, काढ, कटकटच नाही.

काकू : कधी मारल्यात?

काका : असंच, एकदा दुपारी. तू फिरायला गेली होतीस.

शोरूमवाली : किती छान कल्पना! बघू, काका? दहा, वीस, तीस... सगळ्या अगदी बारीक घातल्यात. फक्त ही साठची गाठ अठ्ठावन्नवर पडलीय.

काका : साठवरच आहे ती.

शोरूमवाली : नाही, काका, हे बघा, इथे छापलंय ना, पाच, आठ. काकू, तुम्ही बघा.

काकू : ...अच्छा. म्हणजे त्या शाळेच्या हॉलचे...

काका : शाळेच्या हॉलचे काय?

काकू : काही नाही. दरवाजा उघड गं जरा या गाडीचा, आतून बघू.

काका : माप त्यांनी लिहून दिलं होतं. साठ. कापले मी. आखूड झाले होते?

काकू : थोडेसे.

काका : थोडेसे म्हणजे दोन इंच. सोळा पडदे. सोळाच्या सोळा?

काकू : मी खाली निळी पट्टी लावली. सुरेख दिसली, खोटं नाही सांगत. त्यांच्या मोठ्या बाईंनी विचारलंही, ही फॅशन नवीन आली का म्हणून. ऑफिसला आणखी चार मागितलेत तसेच.

काका : आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस.

काकू : तुम्ही तरी कुठे गाठींचं बोललात?

शोरूमवाली : मी... मी दुसरी टेप आणू का? आमच्याकडे असेल कुठेतरी.

काकू : नको गं. हीच चांगली आहे. एक गाठ सोडून पुन्हा मारायची, एवढंच. उन्हात बसून मारू. मी दोरा ओवून देईन.

काका : दोरा मला ओवता येतो.

काकू : येतो ना. मी म्हटलं, सोबत. बरं ऐका, हिची डिकी लहान आहे, पण मागची सीट पाडली की आतून थेट पुढपर्यंत जागा होते. दांडी तिरपी घातली तर?

काका : कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत... थांब, हात लावून बघतो. पुढच्या सीटच्या बाजूने... जाईल. टोकाला जुनी चादर गुंडाळावी लागेल, काचेला लागायला नको.

काकू : आणि शिडी?

काका : शिडी वर टपावर. तागे खाली आडवे. शिडीच्या नंतर तू.

काकू : मी पुढे.

काका : पुढेच गं. माझ्या शेजारी.

काकू : पोरी, हिची फेरी मारता येईल का? हिची. ठेंगणीची.

शोरूमवाली : नक्की. काका चालवतील?

काकू : त्यांचा गुडघा धरलाय ना. मी चालवते.

काका : तू?

शोरूमवाली : काकू, लायसन्स लागेल हं. आहे का जवळ?

काकू : हे घे.

शोरूमवाली : अरे वा, हे तर मागच्याच महिन्यात नवं करून घेतलंय!

काका : मागच्या महिन्यात? कशासाठी?

काकू : फोटो फार जुना झाला होता. त्यात मी फारच बारीक दिसत होते, लोकांचा विश्वास बसेना. चला, पट्टा लावा.

(गाडी रस्त्यावर येते. काकू चालवताहेत, काका शेजारी, शोरूमवाली मागच्या सीटवर.)

काका : क्लच. क्लच हळू सोड. मांजर हातातून खाली सोडतात तसा. ... अरेच्चा. सोडलास की.

काकू : सोडला.

काका : दुसरा टाक. टाकलास? आवाज नाही आला तो?

काकू : आवाज यायला ती व्हॅन आहे का?

शोरूमवाली : काकू, तुमचा हात तर चांगला बसलेला आहे.

काका : तेच म्हणतोय मी. टोमॅटोनंतर ही बाई गाडीत फक्त भाजीची पिशवी धरून बसायची. कुठे शिकलीस गं?

काकू : सकाळी फिरायला जाते ना मी.

काका : फिरायला?

काकू : तीन महिने. पाण्याच्या टाकीमागे एका बाईंची ड्रायव्हिंग शाळा आहे. त्यांच्याबरोबर फिरते. चार चाकांवर.

काका : आणि घरी येऊन पायाला तेल चोळत बसायचीस! म्हणायचीस, आज फार चालले.

काकू : क्लचने दुखतात हो पाय. खोटं कुठे बोलले?

काका : मला वाटलं, वजन कमी करतेस. झालं नाही, तेही मी बोललो नाही. म्हटलं, वाईट वाटेल.

काकू : किती जपता हो मला.

काका : पण का शिकलीस?

काकू : अशीच.

काका : या वयात कुणी अशीच गाडी शिकत नाही.

काकू : या वयात कुणी टेपला गाठीही मारत नाही. बोलू नका आता, मला रस्त्याकडे बघू द्या. पोरी, पुढे काय आहे?

शोरूमवाली : चौक आहे, काकू. सिग्नल नाही तिथे. उजवीकडे वळायचं, की आलंच शोरूम.

काका : डोकं खिडकीबाहेर नको काढूस, आरसा आहे त्याला. आणि खांदे सैल सोड. खांदे वर घेऊन कात्री चालवतेस का कधी? तसंच आहे हे. हं, आता बरं. बरी चालवतेस गं. खरंच बरी चालवतेस.

काकू : लेकीला सांगा हे. मला म्हणाली, आई, तू चालवत असलीस तर मी रिक्षाने येईन.

काका : सांगेन. आणि ही गाडीही बरी आहे. आत बसलं की अंगाबरोबर शिवल्यासारखी वाटते. ती दुसरी म्हणजे वाढत्या अंगाच्या पोराला शिवलेला कोट.

काकू : पण त्या कोटातून लांबचं दिसतं म्हणे.

काका : ...वळ आता. चौक आला.

काकू : उजवीकडे ना? हं. थांबा, इथे डाव्या हाताला टेम्पो उभा आहे, माझ्या बाजूने त्याच्या पलीकडचं दिसत नाही. तुमच्याकडून दिसेल. अहो, डावीकडून कुणी येतंय का, बघा.

काका : ...

काकू : येतंय का?

काका : थांब जरा.

काकू : थांबलेच आहे. मागचा हॉर्न वाजवायला लागलाय.

शोरूमवाली : काकू, मी सांगते, मला इथून...

काकू : तू थांब गं. वाजवू दे त्याला. अहो, काच खाली करून बघा हवं तर. येतंय कुणी?

काका : हिला विचार.

काकू : तिला कशाला? खिडकीशी तुम्ही बसलाय.

काका : हिला विचार म्हटलं ना!

काकू : मी तुम्हाला विचारतेय. बत्तीस वर्षं मी तुमच्या शेजारी बसून सांगत आले, या, रिकामं आहे. आज तुम्ही सांगा.

काका : नाही सांगता येत. मला त्या बाजूचं काही दिसत नाही गं. वर्ष होत आलं. ...आता पोरीला विचार, आणि सावकाश वळव.