मोठं झालेलं दार

माझं शुद्धलेखन कच्चं आणि शब्द साधे, तेवढं माफ करा. मी सातवीत शाळा सोडलेला सुतार.

गावच्या सभागृहाची फरशी थेट काळ्या मातीवर टाकायला निघाले, तेव्हा मी इंजिनिअरला म्हणालो, “साहेब, ही माती लय फुगती. खाली मुरूम भरा.”

त्यांनी मातीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि चहा संपेपर्यंत पाहिलं. “कुठं फुगली?”

“हळूहळू फुगती साहेब. दोन महिने थांबा.”

“किती शिकलास?”

मी सभागृहाच्या दाराच्या कामाला लागलो.

पावसाळ्यात फरशी वर आली. बैठकीला दोघांनी रेटून लावलेलं दार उघडेचना. साहेब आतून ओरडले, “दार मोठं केलंस तू!” मी दार खालून कापून त्यांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटीवर फरशीच्या उंचीची रेघ मारली आणि म्हणालो, “साहेब, इथं सही करा. महिन्याभरात दार परत मोठं होईल.”