तारांखाली टेकू नका

ऐका. जरा सरकून बसा, आगटी मधे राहू द्या.

सुबाना मदने, आपल्या माळावरचा. गडी कष्टाळू, पण हेकट. माळावरनं ती मोठी टावरलाईन गेलीय ना, तिच्या बरोबर खाली त्यानं घर बांधलं. तारा रातदिस गुणगुणायच्या. बायको वैजंता पोटुशी, सातवा महिना. तिची झोप गेली. डोकं असं ठणकायचं की कपाळाला फडकं आवळून बसायची. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, "तारांमुळंच होतंय असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण बाई झोपत नाही, जागा बदला." सुबाना म्हणाला, "मग घर काय डोक्यावर घेऊन हिंडू?" शेवटी वैजंताच माहेरी निघून गेली.

ते याला झोंबलं. दिवस मावळल्यावर निघाला तिला आणायला. जवळची वाट म्हणून तारांखालनं. काठी घेतली, बॅटरी घेतली. अक्कल तेवढी घरी राहिली.

एक टावर गेला. दुसरा गेला. बॅटरी विझली. पुढं बघतो तर मातीत रोवलेली ट्यूब. ना वायर ना बटण, आणि पांढरीफटक पेटलेली. तारांखाली नुसती रोवली तरी पेटते ती; पोरं करतात असले खेळ, म्हणून हा पुढं झाला. थोड्या वेळानं परत तीच ट्यूब. चालतोय, चालतोय, आणि परत तीच.

आता चकवा लागला की काय करायचं, हे आपल्यात बारक्या पोरालाही ठाऊक. चालायचं नाही. आहे तिथं बूड टेकायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. सुबानानं तेच केलं. टावरच्या पायाला पाठ लावून बसला. तिथंच चुकला. अहो, त्या चकव्याला त्याला बसवायचंच होतं!

गुणगुण वाढली. तिची अंगाई झाली. हातपाय जड झाले. शेजारी कुणीतरी येऊन बसलं. बाई. कपाळाला फडकं आवळलेलं. तिच्या पलीकडं दुसरी. तिच्या पलीकडं तिसरी. लांबपर्यंत ओळीनं बाया, सगळ्यांची कपाळं बांधलेली, डोळे सताड उघडे. पहिली हळूच म्हणाली, "दादा, वैजंताला कवा आणताय? तिची जागा धरलीया." हातानं माती झाडून तिनं जागा दाखवली. "बाळाची पन हाय."

घाबरला हो सुबाना. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी. उठायला गेला, पाय उठेनात. मग रांगला. वाट सोडली, तारांची साथ सोडली, आडवा बाभळीच्या काट्यांत घुसला. मागनं हाका, त्याही वैजंताच्याच आवाजात. त्यानं वळून पाहिलं नाही. गुणगुण थांबली तेव्हा अंगावर शर्टाच्या चिंध्या होत्या.

झुंजुमुंजू होताना सासुरवाडीला पोचला. वैजंता गाढ झोपलेली. सासू दारात आडवी आली. "उठवू नगासा पाव्हणं. लई दिसांनी डोळा लागलाय तिचा."

"न्यायला न्हाई आलो, मामी," सुबाना म्हणाला, आणि उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला.

नंतर त्यानं घराचे पत्रे तेवढे काढून आणले. भिंती अजून तिथंच आहेत. तेव्हा बाबांनो, त्या वाटेनं जाऊ नका. जावंच लागलं तर आडवे पळा, काटे लागले तर लागू द्यात. पण कितीही दमलात तरी तारांखाली टेकू नका.