रकाना सात

जबाब देणार: ऑपरेशन थिएटरमधील तंत्रज्ञ, सगळे ताई म्हणतात. वय ५२ वर्षे, नोकरी २३ वर्षे. राहणार हॉस्पिटलमागची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

समक्ष हजर राहून सांगते की, मला कुणी बोलावलेलं नाही, मी आपण होऊन आले आहे. हवालदारसाहेबांनी दोनदा खुर्ची पुढे केली. पण बसवत नाही, उभ्यानेच सांगते.

परवा मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एका टेलर मास्तरांना आत घेतलं. वय ५८. भूल दिल्यावर त्यांच्या घशात नळी घालता आली नाही. ते अजून शुद्धीवर आलेले नाहीत. येतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. मास्तरांच्या भावाने काल इथे भुलीच्या डॉक्टरीणबाईंविरुद्ध तक्रार दिली, की श्वासमार्ग तपासणी न करता भूल दिली. तपासणी झाली नाही हे खरं आहे. माणूस चुकीचा धरला आहे.

हवालदारसाहेबांनी विचारलं, श्वासमार्ग तपासणी म्हणजे डॉक्टर घसा बघतात तेच ना? तसं नाही. घसा दुखतो म्हणून बघणं वेगळं. या भुलीत माणूस आपला आपण श्वास घेत नाही, यंत्राने द्यावा लागतो. त्यासाठी तोंडात वाकडं पातं घालून जीभ उचलायची, पात्यावरच्या दिव्याच्या उजेडात स्वरयंत्राची फट बघायची आणि तिच्यातून नळी सरकवायची. हे जमेल का, ते माणूस जागा असतानाच बघून ठेवायचं, याला ही तपासणी म्हणतात. तोंड मोठं उघडायला आणि जीभ बाहेर काढायला सांगायचं. पडजीभ पूर्ण दिसली तर आकडा एक, काहीच दिसलं नाही तर चार. मान मागे टाकायला लावायची. मग त्याचीच तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मध्ये घालायला सांगायचं. आमच्या कागदावर हा रकाना सात.

हवालदारसाहेबांनी लगेच स्वतःची तीन बोटं तोंडात घालून पाहिली. "गेली की हो ताई," म्हणाले आणि हसले. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

नियमाने हे काम भुलीच्या डॉक्टरांचं. पण आमच्याकडे ते बाहेरून, ऐनवेळी येतात. म्हणून आधीच्या डॉक्टरांनी मला शिकवलं आणि रकाना सात माझ्याकडे आला. मी आकडा लिहायचा, त्यांनी सही करायची. पहिली काही वर्षं मी एकेकाचं तोंड बघून लिहिलं. पुढे माझी एक पद्धत पडली. सकाळी चहा घेता घेता सगळ्या कागदांवर 'एक, तीन बोटे' लिहून ठेवायचं, आणि नंतर खाटेपाशी जाऊन बघताना कुणाचं वेगळं निघालं तर खोडायचं. दहातल्या नऊ जणांचं खोडावं लागत नाही. माझे कागद कधी कोरे नसतात म्हणून माझं कौतुक व्हायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मंगळवारी सहा कागद होते. पाच जणांना बघून झालं आणि हत्यारं वाफवायच्या यंत्राच्या झाकणाचं रबर निसटलं. मी तिकडे पळाले. परत आले तोवर मास्तर टेबलावर होते. डॉक्टरीणबाईंना आमच्याकडे महिनासुद्धा झालेला नाही. त्यांनी कागद हातात घेऊन मला विचारलं, "ताई, सात नंबर तुम्ही स्वतः बघितलंय ना?"

मी म्हणाले, "हो हो, एक आहे. व्हा तुम्ही पुढे."

नऊ बावीसला पातं हातात दिलं. बाई म्हणाल्या, "ताई, तोंडच उघडत नाहीये." बारीक पातं दिलं, तेही जाईना. मास्क दाबून धरला तरी हवा पुरेशी जात नव्हती. रक्तातला प्राणवायू कमी होईल तसा बोटाला लावलेल्या यंत्राचा आवाज खाली खाली येत गेला. सर्जननी गळ्याला पुढून छेद देऊन नळी घातली, तेव्हा नऊ एकोणतीस झाले होते. तो आवाज माझ्या डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना येतो, नळ सोडला की येतो.

काल मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "ताई, सही त्यांची आहे. तुमचं नाव कुठे आलंय का? झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच हात दाखवून अवलक्षण करू नका." मी हो म्हणून बाहेर आले. कालचा अख्खा दिवस मी गप्प होते, हेही लिहावं.

आज सकाळी अतिदक्षता विभागाबाहेर मास्तरांची बायको भेटली. मी थिएटरमधली, एवढंच तिला माहीत. तिने माझा हात धरला. म्हणाली, "ताई, अकरा वर्षांपूर्वी सायकलवरून पडून यांचा जबडा मोडला. तेव्हापासून दीड बोटसुद्धा तोंड उघडत नाही. पोळीचे बारीक बारीक तुकडे मी करून देते. एवढं मोठं हॉस्पिटल, कुणी एकाने विचारायचं तरी!" मग म्हणाली, "त्या बाईला मी सोडणार नाही. तुमच्यासारखी माणसं होती म्हणून एवढा तरी जीव राहिला."

मी हात सोडवून घेतला आणि तशीच इथे चालत आले. तिला काही सांगितलं नाही. तोंड उघडलं नाही माझं.

मास्तरांच्या कागदावर रकाना सातमध्ये जे अक्षर आहे ते माझं आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात लिहून घेणाऱ्यांनी 'तपासणी अपुरी केली' असं लिहिलं होतं. "असू द्या ताई, तेवढंच जरा सौम्य," असं ते म्हणाले. मी ते खोडायला लावून 'केलीच नाही' असं लिहून घेतलं आणि खोडलेल्या जागी सही केली आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.