बटाटे निघाले की

(अंबरनाथ पूर्व, रविवारची सकाळ. घरामागची जागा : पेरूचं झाड, एक पपई, भिंतीला लागून मातीने भरलेली चार पोती. किसन, त्यांचा मुलगा भूषण आणि सून स्वप्नाली.)

भूषण : आज काढायचेच. मागच्या रविवारी पण तुम्ही हेच म्हणालात, आठ दिवस थांब.

किसन : मग थांब की. लहान असत्याल अजून.

भूषण : पप्पा, पाला बघा. आडवा पडलाय, पिवळा झालाय. पाला पिवळा पडला म्हणजे बटाटे तयार. मी यूट्यूबवर बघितलंय.

किसन : यूट्यूबवाल्याच्या आईनं लावलेत का हे?

स्वप्नाली : सकाळी सकाळी नको ना बापलेकांनी. मी घमेलं आणलंय. चहा आधी की बटाटे आधी?

भूषण : बटाटे. मला आज काय ते डिसाइड करायचंय. दसऱ्याला आम्ही पालेगावच्या फ्लॅटमध्ये गेलो, तेव्हापासून तुमची खोली रिकामी आहे. आई म्हणाली, एवढे बटाटे लावते, निघाले की आम्ही दोघं येतो. ती तर गेली. मग तुम्ही पण तेच म्हणालात, बटाटे निघाले की येतो. ओके म्हटलं मी. म्हटलं ना?

किसन : म्हटलंस.

भूषण : मग आज निघाले, तर येणार?

किसन : शब्द दिलाय की. येईन. अकरावा मजला काय न् बारावा काय.

स्वप्नाली : पप्पा, असं बोलताय जसं काय आम्ही तुम्हाला जेलमध्ये नेतोय. खिडकीतून डोंगर दिसतो पूर्ण.

किसन : डोंगर हितनं बी दिसायचा. मग बिल्डिंगी झाल्या.

स्वप्नाली : ते पण खरंय. अरे, हे पेरू बघा. आमच्या सेठच्या दुकानाच्या पिशव्या. आईंनी मागून घेतल्या होत्या माझ्याकडून, पोपट खातात म्हणून. एकेका पेरूला बांधल्यात. कुणी सोडल्याच नाहीत. हा तर आतल्या आत पिकून लगदा झालाय.

किसन : मला वाटलं तू सोडशील.

स्वप्नाली : मला वाटलं तुम्ही.

भूषण : ते नंतर बघा. बाजूला व्हा, पोतं उलटं करतो.

किसन : उलटं न्हाय करायचं. हातानं उकर. ती हातानं काढायची.

भूषण : बरं, हाताने. केवढी ओली आहे माती. चिखलच आहे हा.

स्वप्नाली : ए, वास कसला येतोय? शेजारच्या सगुणाबाईंचं ड्रेनेज फुटलं की काय परत?

भूषण : ड्रेनेज नाही. हा बघ.

स्वप्नाली : बटाटा आहे हा?

भूषण : होता. दाबला की पाणी निघतंय.

किसन : वरचा असंल तसा. खाली बघ, खाली चांगले असतात.

भूषण : खाली नुसता गाळ आहे, पप्पा. साल तेवढी हाताला लागते.

किसन : दुसरं पोतं बघ.

भूषण : दुसऱ्यात पण तेच. स्वप्नाली, तू ते कोपऱ्यातलं बघ.

स्वप्नाली : ईऽऽ. मी नाही हात घालणार. वरूनच कळतंय. माशा आहेत.

किसन : सरक. मी बघतो. ... हं.

भूषण : काय?

किसन : काय न्हाय. गेले हे बी.

स्वप्नाली : पाणी जास्त झालं, दुसरं काही नाही. आमच्या शेजारच्या सिंधीण आंटीची तुळस अशीच गेली, बिचारी दिवसातनं चार वेळा लोटा ओतायची. पप्पा, तुम्ही पाणी घालत होतात का ह्यांना?

किसन : घालणारच की. दुपारी जेवलो की एकेका पोत्याला दोन तांबे. जास्त हाय का दोन तांबे?

स्वप्नाली : नाही, दोन तांब्यांनी एवढं नाही होत.

किसन : एक दिवस चुकवला न्हाय. तिच्या पुण्यानुमोदनाला सगळी माणसं जेवायला बसली होती, तवा बी मांडवाच्या मागनं येऊन घालून गेलो. कुणाला कळलं न्हाय.

भूषण : रोज दुपारी?

किसन : रोज.

भूषण : मी सकाळी घालायचो.

किसन : काय घालायचा?

भूषण : पाणी. ऑफिसला जाताना डबा द्यायला येतो ना. तुम्ही आंघोळीला असता. मी मागे येऊन पाइप लावायचो पाच मिनिटं.

स्वप्नाली : तू? पाइप?

भूषण : का? काय झालं?

स्वप्नाली : दुकान सुटल्यावर मी संध्याकाळचा डबा आणते की नाही? पप्पा टीव्हीसमोर असतात. मी भांडी घासायला म्हणून मागे येते. येते, आणि दोन बादल्या ओतते इथे. रोज.

भूषण : तुला माती ओली दिसली नाही?

स्वप्नाली : तुला दिसली?

भूषण : दिसली. मला वाटलं दव पडलं.

किसन : मला वाटलं माती चांगली हाय. ओल धरतीय.

स्वप्नाली : थांबा, थांबा. सगुणाबाई पण. ह्या कोपऱ्यातल्या पोत्यावर भिंतीवरून बादली ओतताना मी दोनदा बघितलंय त्यांना. मला वाटलं भांड्यांचं पाणी टाकतात आपल्यात. मी भांडायला जाणार होते.

भूषण : तिला पण आईनेच सांगितलं असणार.

किसन : तिला पण म्हंजी?

भूषण : म्हणजे मला सांगितलं होतं आईने. हॉस्पिटलमध्ये.

किसन : काय सांगितलं होतं?

भूषण : की बटाट्याला तू पाणी घाल. तुझ्या बापाच्या ध्यानात राहत नाही, आणि स्वप्नालीला दुकानातून वेळ कुठला. त्यांना बोलू नको, वाईट वाटेल त्यांना.

स्वप्नाली : बोलू नको, हे पण म्हणाल्या?

भूषण : हो. का?

स्वप्नाली : मला पण म्हणाल्या. मी त्यांची नखं कापत होते. म्हणाल्या, ह्या बापलेकांना झाडाचं काय कळतंय, दोघं भांडत बसतील पण पाणी घालणार नाहीत. तूच बघ. आणि घरात बोलू नको.

भूषण : पप्पा, तुम्हाला?

किसन : मला म्हणली, पोरं कामाची हायत, त्यांना कशाला ताप. तुमी रिकामेच हाय.

स्वप्नाली : एवढंच?

किसन : एवढंच. मग म्हणली, जमंल ना?

भूषण : म्हणजे तिघांवर पण भरोसा नव्हता तिचा.

स्वप्नाली : चौघांवर. सगुणाबाई राहिल्या.

किसन : भरवसा कशाला ठेवंल? तिच्या माहेरी खटावाकडं निम्मं रान बटाट्याचं. दुसऱ्याच्या वावरात काढणीला जायची ती पोरवयात. मला चाळीस वर्षांत एका झाडाला हात लावू दिला न्हाय. मी पपईला पाणी घातलं तरी वरडायची, बुंध्यात नका ओतू म्हणून. म्हणून मला वाटलं, आता शेवटी का होईना, मला सांगितलं.

भूषण : मला पण वाटलं मलाच सांगितलं.

स्वप्नाली : मी तर माहेरी पण बोलले नाही. माझी कॅम्प चारची आई रोज विचारते, वाकडी वाट करून तिकडे कशाला जातेस, भूषण नेईल ना डबा. मी सांगितलंच नाही. दिवसभर काउंटरला उभी असते ना, तर काहीच वाटत नाही मला. गिऱ्हाईक हसलं की हसते. सेठ ओरडला तर ओरडू दे. इथे दोन बादल्या ओतताना तेवढं वाटायचं की मी त्यांची कुणीतरी आहे. सून सोडून.

भूषण : मला इथे पण काही वाटायचं नाही. पाइप धरून उभा राहायचो. वाटायचं, आज रडायला येईल. मग पाच मिनिटं व्हायची आणि मी नळ बंद करायचो.

किसन : मला बी न्हाय आलं.

भूषण : माहितीये. बघितलं मी. आईला नेलं त्या दिवशी तुम्ही पाहुण्यांना पंखा लावून देत होतात.

किसन : उकडत होतं त्यास्नी.

भूषण : डिसेंबरमध्ये?

किसन : मग काय करायचं होतं मी? सगळे माझ्याकडं बघत होते.

स्वप्नाली : जाऊ दे ना. शेवटचं म्हणून सांगून गेल्या बिचाऱ्या, आणि आपण तेवढं पण नीट केलं नाही.

किसन : शेवटचं कुठलं?

स्वप्नाली : म्हणजे त्यांची शेवटची इच्छा.

किसन : इच्छा न्हाय, काय न्हाय. तिला बटाटे पायजे होते. तिथली भाजी अळणी लागायची तिला. म्हणायची, डाक्टरनं सोडलं की माझ्या हातचे बटाटे उकडते आन् मीठ-मिरची लावून खाते. घरी येणार होती ती. तिच्या डोक्यात शेवटबिवट काय नव्हतं.

स्वप्नाली : भूषण, हात धू आधी. घाण झालाय.

भूषण : अजून एक पोतं राहिलंय. पपईखालचं.

किसन : ऱ्हाऊ दे आता.

भूषण : नको, सगळी बघू. ... ह्याची माती जरा कोरडी आहे. पाइप इथपर्यंत पोचायचा नाही.

स्वप्नाली : मी पण तिकडे नाही जायचे. चिखल व्हायचा चपलेला.

भूषण : हे बघ. हे घट्ट आहेत.

किसन : दे हिकडं.

भूषण : लिंबाएवढेच आहेत. पण चांगले आहेत. हा घ्या. अजून आहेत खाली, ओंजळभर निघतील.

किसन : साल पातळ हाय. नखानं निघतीय.

स्वप्नाली : उकडू? आईंना हवे होते तसे?

भूषण : नको, एक मिनिट. पप्पा, ऐका माझं. हे सगळं असं सडलेलं बघून मी तुम्हाला शब्द पाळा म्हणणार नाही. मला नाही जमणार ते. तुम्हाला इथेच राहायचंय ना, तर राहा. डबा आम्ही आणतोच आहे. हे बटाटे बी म्हणून ठेवू आणि दिवाळीनंतर परत लावू इथेच.

किसन : कोण लावणार?

भूषण : तुम्ही. मी येतो मदतीला.

किसन : मला येत न्हाय.

भूषण : चाळीस वर्षं बघताय ना पण.

किसन : बघितलं कुठं? ती हितं मागं आन् मी पुढं ओट्यावर पेपर वाचत. दिवाळी झाली की बी कापायची, तेवढं ठाऊक. राख का काय लावायची कापलेल्याला. किती खोल पुरायचं, डोळा वर ठेवायचा का खाली, तुला म्हाईत हाय?

भूषण : नाही.

किसन : स्वप्नाली, तुला?

स्वप्नाली : मी होते ह्या वेळी. पोत्याचं तोंड धरून उभी होते. तेवढ्यात सेठचा फोन आला, स्टॉक कुठे ठेवला म्हणून. मी आत गेले बोलायला. बाहेर आले तर सगळी लावून झाली होती, आणि त्या हात धूत होत्या.

भूषण : यूट्यूबवर असेल.

किसन : असंल.

स्वप्नाली : चहा ठेवते मी. पप्पा, तुम्हाला कमी साखर ना?

किसन : ठेव. भूषण, हे बघ, टेम्पो-बिम्पो नको सांगू. माझी एक पेटी हाय आन् तिचा फोटो. रिक्षात बसंल.

भूषण : म्हणजे?

किसन : येतो म्हणतोय.

भूषण : नको, पप्पा. शब्द दिलाय म्हणून नको. मनाविरुद्ध तुम्हाला नेऊन मी तिथे रोज तुमचं तोंड बघत बसू का?

किसन : मनाविरुद्ध कोण म्हणलं?

भूषण : तुम्हीच तर. इतके दिवस, आज नको उद्या, उद्या नको पुढच्या रविवारी.

किसन : घर खायला उठतं रे मला. तुमी दोघं डबा ठेवून जाता, त्याच्यापुढं कुणी बोलायला न्हाय. टीव्ही मोठा लावून बसतो, काय चाललंय त्यात ते कळत न्हाय. पुण्यानुमोदन झालं, तुमी निघाला, तवाच मला तुमच्यासंगं यायचं होतं. पायात चप्पल घातली होती मी.

स्वप्नाली : मला दिसली होती चप्पल. मला वाटलं कोपऱ्यापर्यंत सोडायला येताय.

भूषण : मग बोलला का नाही, पप्पा? आम्हाला वाटलं तुम्हाला हे घर सोडवत नाही. आम्ही दोघं रोज घरी ह्याच्यावर भांडतोय. एकदा म्हणायचं होतं, मला घेऊन चला.

किसन : मग बटाट्याला पाणी कुणी घातलं असतं?