फेरातली पावली

(लोणावळा, १९३४. श्रावणातली सकाळ. जपानी साहेबाच्या बंगल्यामागची नोकरांची खोली. मोलकरीण रतनबाई आणि टाकव्याहून पाहुणा आलेला तिचा थोरला भाऊ महिपती.)

महिपती : …आन मंग ती वाकली. कमरेतनं, पार खाली. चारचौघांम्होरं. आपल्या मावळात कुण्या नाचणारणीनं बघणाऱ्याला आसा मान दिला आसंल तर सांग.

रतन : चहा निवतोय, दादा.

महिपती : कालपसनं तू धड बोलंना झालीस. तूच बलावलंस ना? जपान्यांचा नाच हाय, येकदा बघून जा म्हणून.

रतन : मीच बलावलं. आता बोल तरी कुणाला लावू?

महिपती : झालं काय पण? मी काय दारू पिऊन आलोवतो? धुतलेलं धोतार, नवं पागोटं. पडवीत तुज्या माळ्याशेजारी गुमान बसलो. कागदी कंदील, त्यो मोठा ढोल, समद्या बायांचे झगे निळे. मला वाटलं, साहेबानं मुंबैवरनं फड आणलाय. नाच आवडला, म्हणून चार आण्याची पावली टाकली.

रतन : नुसती टाकलीस? आदी शीळ घातलीस. मंग हात वर करून वरडलास, टाकवे बुद्रुकच्या महिपतीकडनं म्हणून.

महिपती : तमाशात दौलतजादा आसाच करत्यात की. नाव घ्यावं लागतं.

रतन : ती फडातली न्हाई, दादा.

महिपती : मंग कोण?

रतन : माजी बाई. हितली मालकीण. आन तिच्या मागं व्हत्या त्या तिच्या मैतरणी. साहेब लोकांच्या बायका.

महिपती : गरती बाया गड्यांम्होरं कशाला नाचतील?

रतन : परवा पंचमीला मी टाकव्याला आलेवते, आमी बायांनी वडाखाली फेर धरला, तवा तू पारावर बसलावतास. तुजी बायको व्हती त्यात. कुण्या गड्यानं शीळ घालून तिच्यावर पैसा टाकला आसता तर?

महिपती : तंगडं मोडलं आसतं त्याचं.

रतन : त्यो फेरच व्हता, दादा. त्यांच्यात वर्सातनं येकदा मेलेली माणसं घरी येत्यात. आपल्या पितरांवानी. ती आली म्हणून फेर धरायचा. बाईची पोर गेली दोन वर्सांमागं, तापानं. पाच वर्सांची. मी खेळवलेली. काल बाई तिच्यासाठी नाचत व्हती.

महिपती : आगं देवा. आन मी शीळ घातली.

रतन : व्हय.

महिपती : मंग ती वाकली कशापाई? थोबाडीत का न्हाई मारली माज्या?

रतन : तुला दिसलं न्हाई, मी पळत मधी आले ते? ढोल थांबलावता. समदे तुज्याकडं बघाय लागले. बाईनं मला इचारलं, तिच्या मोडक्या हिंदीत, ह्यो मानूस काय करतोय? मला काय सुचंना. मी सांगितलं, आमच्यात मेलेल्या माणसावरनं पैसा उधळत्यात. ह्यानं तुमच्या पोरीसाठी उधळला.

महिपती : तू खोटं बोललीस.

रतन : आपले आबा गेले, त्यांना नेलं तवा तूच उधळलेस की पैसे, येशीपसनं घाटापतूर. तेच आठवलं मला. पण व्हय, खोटंच. तीन वर्सं तिचं मीठ खाल्लं, कदी येका शब्दानं खोटं बोलले न्हाई. काल बोलले, तुजी लाज राखाया. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आन ती वाकली. तू मिशीवर हात फिरवलास.

महिपती : नको सांगूस. मला माजीच किळस याय लागलीया. रातभर त्याच ऐटीत झोपलो गं मी.

रतन : अजून हाय. ती पावली तिनं धुऊन पोरीच्या फोटूम्होरं ठेवलीया. आज तिनीसांजंला पोरीचा दिवा नदीत सोडायचाय. तुला बलावलंय.

महिपती : मी न्हाई येत. आत्ताच टाकव्याची वाट धरतो.

रतन : मंग मी काय सांगू? आनिक येक खोटं?

महिपती : तर येतो, आन खरं काय ते सांगतो. पाय धरतो तिचे. नाचणारीन समजलो म्हणतो. हे पोटात घिऊन जगणं हुयाचं न्हाई माज्यानं.

रतन : सांगितलंस की तुजं पोट हलकं हुईल. तिचं? आपल्या पोरीसाठी परक्या मानसाचा जीव कळवळला, यवढंच धरून बसलीया ती. ते काढून घेनार तू?

महिपती : म्हंजे गप ऱ्हायचं.

रतन : गप ऱ्हायचं. मी बी, तू बी. तिच्याम्होरं आता जलमभर.

महिपती : …पोरीचं नाव काय व्हतं?

रतन : सुमी.

महिपती : सुमी. तितं गेल्यावर काय करायचं, ते तरी सांग. हात जोडायचे?

रतन : वाकायचं. त्यांच्यावानी.

महिपती : किती?

रतन : काल ती तुज्यापुढं वाकली, त्याच्याहून जरा जास्त.