न थांबलेल्या घंटागाडीबाबत

जबाब देणार: फान यू-ह्वेइ, वय ४१ वर्षे, काम: जिल्हा अग्निशमन कार्यालयात आपत्कालीन दळणवळणाचा आराखडा करणे, राहणार: टपाल कार्यालयाच्या वरचा मजला, शीवेइ गाव. हवालदार ल्यु यांच्यासमोर, शीवेइ पोलीस चौकी.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझ्याविरुद्ध दोन तक्रारी आहेत. पहिली सफाई पथकाची, की मी त्यांची घंटागाडी न विचारता नेली. दुसरी फान आ-शुई, वय ७६, राहणार नदीकाठचं शेवटचं घर, यांची, की मी ती गाडी त्यांच्यासाठी थांबवली नाही. हे दुसरे तक्रारदार माझे वडील आहेत. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. हवालदार म्हणतात, इतक्या आनंदाने कबुली देऊ नका, लिहिताना बरं दिसत नाही. पण कालपासून माझं हसू आवरत नाही, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

डोंगरातून दगडमातीचा लोंढा आला तर खालच्या आळीने वरच्या शाळेत जायचं, एवढंच आमच्या आराखड्याचं म्हणणं. ते लोकांच्या कानांपर्यंत पोचवायचं कसं, यावर मी तीन वर्षं डोकं फोडते आहे. आधी मोबाइलवर संदेश. मोबाइल बंद पडले तर घरच्या फोनची साखळी, म्हणजे एका घराने पुढच्या घराला कळवायचं. तीही तुटली तर भोंगा. शिवाय सरपंच, शाळा, चौकी, डोंगरावर नजर ठेवणारं वरचं ठाणं आणि मी, अशा पाच ठिकाणी वॉकीटॉकी. कागदावर इतकं देखणं दिसायचं की साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

सरावात साखळी दुसऱ्याच घरापाशी तुटली. "सरकारी कार्यालयातून बोलतेय, ताबडतोब घर सोडा," असं ऐकल्यावर शहाणा माणूस फोन आपटतो, कारण लुबाडणारे अगदी हेच बोलतात. त्यांच्यापासून सावध राहा अशी पोस्टरं आमच्याच जिल्ह्याने भिंतीभिंतीवर लावली आहेत. मग भोंगा वाजवला. तर अख्खी आळी घरात शिरली आणि धडाधड शटर खाली. हवाई हल्ल्याच्या सरावात भोंगा झाला की आत जायचं, हे आम्हाला शाळेपासून घोटून शिकवलेलं. वॉकीटॉकी मात्र झकास चालल्या. सरपंच त्यावरून जेवणाचे डबे मागवत.

वडील, म्हणजे आबा, एकाही सरावाला आले नाहीत. "नदी मला ओळखते, मी नदीला ओळखतो. तू तुझी खेळणी खेळ, पोरी," असं म्हणायचे. ते घर आईने पसंत केलेलं होतं. त्यामुळे त्यापुढे माझी जीभ रेटत नसे.

काल बुधवारी वादळ ओसरून लख्ख ऊन पडलं होतं. दुपारी वरच्या ठाण्यावरून वॉकीटॉकीवर निरोप आला की डोंगराचा कडा सुटलाय, तासाभरात लोंढा खाली येईल. मोबाइल वादळापासूनच मेलेले होते. मी साखळी सुरू केली. सरपंचांनी उचलला, त्यांनी किराणावाल्या त्सेंगकाकूंना लावला, आणि काकूंनी त्यांना चार शिव्या देऊन ठेवला. म्हणून मी पुढचा फोन थेट आबांना केला. संभाषण जसंच्या तसं देते.

"आबा, लोंढा येतोय. आत्ताच्या आत्ता शाळेत चला."

"कोण बोलतंय?"

"मी, यू-ह्वेइ!"

"चल, हट! माझी पोर असतीस तर आधी जेवलात का विचारलं असतंस."

त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला आणि धापा टाकत म्हणाले, "आबा, जेवलात का?"

"बघा! लगेच शिकूनही आली, लबाड कुठली!" असं म्हणून त्यांनी रिसीव्हर काढून ठेवला. त्यानंतर फोन लागला नाही.

भोंगा वाजवला. शटर खाली गेली. मी आळीच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावातल्या कार्यालयाच्या पायरीवर उभी राहून ती बंद होताना पाहिली, सर्वांत शेवटी आबांचं. हातात आणखी एकही उपाय उरला नव्हता, आणि तेवढ्यात मला अंगणात उभी घंटागाडी दिसली. चालक आ-कुन पुलापलीकडे अडकला होता. किल्ली आत होती. मोठी गाडी मी आधी कधी चालवली नव्हती, हे हवालदारांनी विचारलं म्हणून सांगते.

गाडीच्या कर्ण्यावर ती एकच धून वाजते, जी ऐकली की आमच्याकडे माणूस आंघोळ अर्धी टाकून कचरा घेऊन धावतो. मी ती लावली आणि खालच्या आळीत शिरले. आधी एक शटर गुडघ्याएवढं वर झालं. मग सगळीच.

"अगं, आज बुधवार ना? बुधवारी कुठे असते गाडी?"

"वादळात चुकली होती, त्याची भरपाई असेल! पळ, पळ, कोळंबीची टरफलं सडलीयत घरात!"

माणसं पिशव्या घेऊन आली आणि मी पुढे गेले. खिडकीतून ओरडत होते, "लोंढा येतोय, वर चला!" पण त्या धुनीपुढे ऐकतंय कोण! धून बंद केली असती तर सगळे घरी परतले असते. म्हणून मी शाळेच्या चढाला लागले, अगदी हळू. मागे त्सेंगकाकू, कडेवर नात, दोन्ही हातांत पिशव्या. सरपंच, गंजिफ्रॉकवर, लोंढ्याचं माहीत असूनही हातात पिशवी. "आ-कुन, डोळे फुटले का रे?" "थांब की मेल्या!" सगळी आळी माझ्या नावाने नव्हे, बिचाऱ्या आ-कुनच्या नावाने खडे फोडत डोंगर चढत होती. त्यांच्यात घरी जेवायला आलेले हवालदार ल्युही होते, खरकट्याची बादली घेऊन. हे वाक्य जबाबात नको असं त्यांचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, हवं.

आबा आरशात सगळ्यात मागे दिसले. शटरखालून सरपटत निघाले, एक चप्पल, हातात पिशवी. गाडी चुकणं त्यांना आयुष्यात सहन झालेलं नाही. मी थांबले असते तर पिशवी टाकून ते घरी गेले असते. वेगात गेले असते तर शिव्या घालून घरी गेले असते. म्हणून गाडी त्यांच्या चालीने चालवली. चढावर त्यांचा गुडघा अडला, ते थांबले. मीही थांबले. ते चार पावलं आले की मी चार पावलं पुढे. "तुझ्या आजीला सांगतो, आ-कुन!" असं ते ओरडले, तेव्हा मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते आणि रडत होते. दोन्ही लिहून घ्यावं.

शाळेच्या पटांगणात मी गाडी उभी केली. आबांनी पिशवी आत भिरकावली आणि चालकाच्या खिडकीशी हात उगारून आले.

"तू?"

"आबा, आधी मागे बघा."

खाली लोंढा पोचला होता. आबांचं घर पहिलं गेलं, मग पपईचं झाड, मग शेजारची दोन घरं. घरं रिकामी होती. सगळे पिशव्या धरून उभे होते. गाडीची धून वाजतच होती, ती बंद करायचं कोणालाही सुचलं नाही.

सरपंचांनी यादी वाचली, सगळे हजर निघाले. त्सेंगकाकूंनी ओरडून हजेरी दिली आणि मग विचारलं, कचरा आता टाकायचा की नाही? तिथे जो हशा पिकला तो माझ्या आराखड्याला आजवर मिळालेली सर्वांत मोठी दाद आहे. आबा हसले नाहीत. त्यांनी हवालदारांना गाठून माझ्याविरुद्ध तक्रार लिहून दिली. त्यात पत्ता त्याच नदीकाठच्या घराचा आहे. तो बदलू नये अशी माझी विनंती आहे.

मी जिल्ह्याला खबर द्यायला कार्यालयात परतले. आपत्कालीन वाहिनीवर खासगी बोलणं चालत नाही. हा नियम मीच लिहिलेला आहे. संध्याकाळी त्याच वाहिनीवर शाळेतल्या वॉकीटॉकीवरून खरखर आली आणि नंतर आवाज.

"हॅलो. कुठलं बटण दाबून ठेवायचं, हेच? हं. पोरी, जेवलीस का?"

वाहिनीवर त्या वेळी चौकी, सरपंच आणि वरचं ठाणं होतं. 

मी विचारलं, "कोण बोलतंय?"

"लबाड कुठली," आबा म्हणाले. "ये वर. भात ठेवलाय झाकून."

मी गेले. या नियमभंगाची स्वतंत्र तक्रार कोणी केलेली नाही, पण तो झाला, म्हणून सांगितला.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, खरकट्याची बादली तेवढी हळू आवाजात. मी ऐकला, सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. बाकावर बसून आबांनीही ऐकला. तक्रार मागे घेणार का असं विचारता ते नाही म्हणाले, आणि मी सही करेपर्यंत माझा डबा मांडीवर धरून थांबले.