नवस बापाचा, फेडला मी

आमचं घर उमेळ्याचं, पाटलाचं घर म्हणत, केळीची वाडी, दारात विहीर, आणि मी त्या घरातली एकुलती मुलगी, म्हणजे राजकन्याच म्हणा ना. धाकटा भाऊ पास्कू लहानपणी तापानं फणफणला, डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा वडिलांनी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नवस बोलला, मुलगा वाचला तर मुलगी सिस्टर व्हायला मठाला देईन. मुलगा वाचला. काय सांगू तुम्हाला, ताप त्याचा, नवस वडिलांचा आणि फेडला मी. दहावी झाली तशी मला मठात पोचवली, विचारलं कोणी नाही.

व्रत घ्यायच्या दिवशी नवरीसारखं नटवायची तेव्हा रीत होती, मलाही नटवलं, जरीची साडी, अबोलीचा गजरा, देवळापर्यंत बँड. आई रडत होती, तर बाया तिला म्हणतात, रडतेस काय गो, हिचा नवरा कधी पिऊन तर येणार नाही. मग आत नेऊन माझे केस कापले.

मठातल्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, आली पाटलाची राजकन्या, हिला भांडी घासता येतात का बघा. मला राग पटकन येतो, अजूनही येतो. भांडी घासली, आणि बाजारहाटही मागून घेतला. मासेवाल्या मला बघून म्हणायच्या, आली बाय, आता बोंबील फुकट मागेल. मागायचे ना, मठाच्या वसतिगृहातल्या मुली जेवायच्या होत्या, लाज कसली. मला घडवलं ते त्या बाजारानं, बापाच्या नावानं नाही. सगळ्या सिस्टरांनी मतं देऊन मला मदर, म्हणजे मठाची प्रमुख, केलं तेव्हा वडील हयात नव्हते. असायला हवे होते, आशीर्वादासाठी नाही, नुसतं बघायला.

तर अलीकडे पास्कूच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. बरा झाला तसा एका हातात केळीचा घड आणि मागे धाकटी मुलगी रीना, असा माझ्या दारात उभा. म्हणाला, ताई, ऑपरेशनच्या आधी नवस बोललोय, हिला तुझ्या मठात देतो, तू मदर आहेस, तुझ्या शब्दानं होईल. मी म्हटलं, घड ठेव, मुलगी परत ने. तो म्हणाला, देवाशी घासाघीस करतेस? म्हटलं, देवाशी नाही, तुझ्याशी. नवस तू बोललास, तू फेड, रोज पहाटे देवळात मिस्साच्या प्रार्थनेला ये, आमच्या केळी शिंप, आहे कबूल? तो चिडला. बाबांनी तुला दिली म्हणून मी आज जिवंत आहे, म्हणाला. म्हटलं, हे तू इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा बोललास.

मग मी रीनाला विचारलं, तुला काय हवंय. ती बापाकडे बघायला लागली. म्हटलं, त्याच्याकडे नको, माझ्याकडे बघ. तेव्हा हळूच म्हणाली, मला नर्सिंगला जायचंय आत्या, पण मी नाही म्हटलं आणि बाबांना काही झालं तर?

माझा राग जागच्या जागी बसला. मी पळाले तर पास्कू मरेल, याच भीतीनं मी कधी पळाले नव्हते, आणि हे मी कोणाला बोललेही नव्हते. तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हटलं, आपल्या घरातली एक मुलगी देवाला मिळालीय, तो दुसरी मागत नाही. बापाला काही झालं तर ते तुझ्यामुळे नाही. जा, शीक.

पास्कू माझ्याशी बोलत नाही. त्याची तब्येत चांगली आहे, रीना शिकतेय, देव दोघांना सुखी ठेवो. मला हा मठ सोडायचा नाही, आता हेच माझं घर, प्रार्थनाही मनापासून करते. फक्त वडिलांना माफ करायचं राहिलंय. देवाला सांगितलंय, करीन, पण मला घाई करू नकोस.